अमेरिकेचा जोगवा

पैसा कुठे गुंतवावा, या प्रश्नाने आमच्या घरात आजवर कुणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. झोप उडे ती पैसा आणावा कुठून, या प्रश्नाने. त्यामुळे पुण्यात कारखान्यात लागलेल्या दादाचा फोन आला, "दरमहा पाचशे रुपये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत टाकू, कोणता इंडेक्स फंड घ्यायचा ते तू ठरव, तू कॉलेजात आहेस," तेव्हा कॉलेजात असणे हे किती जोखमीचे काम आहे, ते प्रथमच ध्यानी आले. माझे विषय मराठी आणि इतिहास! पण घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेली मी पहिलीच; 'मला कळत नाही' म्हणण्याची सवलत पहिल्याला नसते.

आई महाद्वाराच्या रस्त्यावर हळदकुंकू, कवड्यांच्या माळा आणि परड्या विकते. तिने एकच विचारले, "अमेरिकेत आपलं कोण हाय गं?" या प्रश्नाला इतिहास आहे. मागे एका पतसंस्थेत तिची चार वर्षांची नवरात्रातली कमाई बुडाली, आणि तिथे सगळी ओळखीचीच माणसे होती. अमेरिकेत आपले कोणी नाही हीच त्यातल्या त्यात जमेची बाजू, असे मी म्हटले. तिला ते रुचले नाही.

मग इंडेक्स फंड म्हणजे काय ते तिला सांगावे लागले. जोगवा मागणारी बाई कोणत्या घरचे पीठ चांगले याची पारख करीत बसत नाही. परडी पुढे करते आणि दारोदारचे घेते. इंडेक्स फंडही तसाच. कोणती कंपनी वर येईल याचे भाकीत तो करीत नाही, ठरलेल्या यादीतल्या सगळ्यांचे शेअर घेतो. फरक इतकाच की इथे वाड्यातून सूपभर येते आणि खोपटातून चिमूटभर. एस अँड पी ५०० ही अमेरिकेतल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांची यादी १९५७ पासून चालत आली आहे. पण वजन बाजारमूल्यावर ठरते, म्हणून आज पहिल्या दहा कंपन्यांनीच परडीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापला आहे. नावे पाचशे, भार दहांवर. हे जाहिरातीत ठळक दिसत नाही.

१९७६ साली जॉन बोगल यांनी सामान्यांसाठी असा फंड काढला, तेव्हा पंधरा कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले जेमतेम सव्वा कोटीच्या आत. लोकांनी त्याला 'बोगलचा वेडेपणा' म्हटले. बोगल यांचे म्हणणे साधे होते: बाजार काय देईल ते आपल्या हाती नाही, खर्च किती द्यायचा ते आहे.

दादाचा ओढा निराळा होता. गेल्या वर्षी सर्वांत जास्त वाढला तो फंड घेऊ, असे त्याचे मत. तो फंड निघाला दहाच कंपन्यांचा. दुसरा नॅस्डॅक १०० चा, म्हणजे त्या बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्या, त्यांत बँका अजिबात नाहीत. दोन्ही तेजीत धावणारे. पण नॅस्डॅकच्या बाजाराने मार्च २००० मध्ये जे शिखर गाठले, ते पुन्हा पाहायला २०१५ उजाडले. पंधरा वर्षे! तेवढ्यात आमच्या आईचे गुडघे जातील, माझे लग्न होईल. मी पाचशेच्या यादीवर ठाम राहिले. तीही २००८ या एका वर्षात सुमारे ३८ टक्के कोसळली होती, हेही दादाला सांगितले. लपवून काय उपयोग?

यादी ठरली तरी फंड ठरत नाही. एकच यादी दोन फंड चालवतात आणि हाती निराळे येते. एक तर खर्च: लाखावर अर्धा टक्का जादा म्हणजे वर्षाला पाचशे रुपये, आमचा एक पुरा हप्ता. काही फंड स्वतः शेअर न घेता दुसऱ्या फंडात पैसे टाकतात. तिथे दोघांचाही खर्च सोसायचा. शिवाय निर्देशांक जितका वाढला त्याच्या किती मागे फंड राहिला, ते दरवर्षीचे आकडे मांडून पाहावे लागते. १ जानेवारी २०१३ पासून दलालाशिवाय थेट घ्यायच्या 'डायरेक्ट' योजना निघाल्या आहेत; ओळखीच्या एका गृहस्थांनी मात्र तीन वेळा घरी येऊन दुसरीच योजना सुचवली. चहा तीन वेळा झाला.

डॉलरचेही एक प्रकरण आहे. २०११ च्या आरंभी डॉलरला ४५ च्या आसपास रुपये पडत, २०२४ संपताना ८५. निर्देशांक जागचा हलला नसता तरी रुपयांत रक्कम जवळजवळ दुप्पट दिसली असती; रुपया वधारला तर उलटे. मामाला हे समजवावे लागले नाही. त्याच्या सोयाबीनचा भाव शिकागोच्या बाजाराकडे पाहून हलतो, हे तो आडतीवर उभ्याने शिकला आहे.

शेवटची अडचण दाराची. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती न्यावे याला सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आल्याने २०२२ च्या आरंभी नवे पैसे घेणे थांबवावे लागले. त्यानंतर कुणाचे दार उघडते, कुणाचे मिटते. मोतीलाल ओसवाल यांचा एस अँड पी ५०० फंड २०२० मध्ये निघाला, तोही याच मर्यादेखाली. म्हणजे वहीत उत्तम ठरलेला फंड अर्जाच्या दिवशी बंद असू शकतो. म्हणून मी वहीत दोन नावे लिहून ठेवली आहेत, एकाखाली एक.

आईने होकार दिला, पण अट घालून. दादाचे पाचशे कुठेही जावोत, नवरात्रातली कमाई पोस्टातच राहील. मग तिने विचारले, "आन् पडलं तर?"

"पडलं तरी हप्ता भरायचा."

"आन् दादाची नोकरी गेली तर?"

याला माझ्या वहीत रकाना नव्हता. तो फोनवर दादाशी बोलून घातला आहे: आधी सहा महिन्यांचा घरखर्च पोस्टात, मग अमेरिका. हिशेबाने ते पुढच्या माघात जमेल.