रात्रपाळीची टिपणं

‘ब्लड प्राइस’ पुन्हा वाचायला काढली आहे. टान्या हफची १९९१ची कादंबरी. टोरांटोच्या भुयारी रेल्वेचं एग्लिंटन वेस्ट स्टेशन, रात्रीची वेळ, जवळजवळ रिकामा फलाट आणि त्यावर विकी नेल्सन. कालपरवापर्यंत खुनांच्या तपासावर असलेली पोलीस अधिकारी, आता खासगी गुप्तहेर. नोकरी सोडावी लागली ती डोळ्यांमुळे. रेटिनायटिस पिग्मेंटोसा. या दुखण्यात बहुधा आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि नजर आक्रसत समोरच्या तुकड्यापुरती उरते. पलीकडे किंकाळी उठते, विकी धावत सुटते. माणूस मेलेला आहे, आणि ज्यानं मारलं ते अंधारात गेलेलं आहे. नेमकं जिथे तिचे डोळे चालत नाहीत तिथे.

एवढ्या एका प्रसंगात हफनं सगळी कादंबरी मांडून ठेवली आहे. विकीला आता असा कुणीतरी लागणार, ज्याला रात्रीचं दिसतं. तो भेटतोही. पण तो दिवसा मेल्यासारखा पडून असतो. सूर्य उगवला की याचा उपयोग नाही, मावळला की तिचा नाही. दोघं मिळून एक अख्खा गुप्तहेर होतो. पात्रांची जोडी जमवायची तर अशी, दोघांच्या उणिवा एकमेकींत बसतील अशी. त्यांच्या आवडीनिवडी जुळतात की नाही हे नंतर बघता येतं.

*

तो रात्रीचा माणूस म्हणजे हेन्री फिट्झरॉय. हा खरोखर होऊन गेला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा अनौरस मुलगा, रिचमंड आणि सॉमरसेटचा ड्यूक. जन्म १५१९चा, मृत्यू जुलै १५३६मधला, म्हणजे जेमतेम सतरा वर्षांचं आयुष्य. बापानं जिवंतपणी त्याला पदव्यांनी मढवलं होतं, पण मेल्यावर गाजावाजा नको म्हणाला. प्रेत शिशात बंद करून गुपचूप न्यायचं ठरलं. ज्यांच्यावर जबाबदारी होती त्यांनी ते गवतानं भरलेल्या गाडीत घातलं आणि थेटफर्डला नेऊन पुरलं. पुढे तिथूनही हललं. आज त्याची कबर फ्रॅमलिंगममध्ये आहे.

एवढ्या मोठ्या राजाचा मुलगा, आणि अंत्ययात्रा अशी. हफला रक्तपिपासू हवा होता आणि इतिहासानं तिच्यासाठी झाकलेली गाडी तयार ठेवली होती. जागा शोधावी तर अशी. नोंदी नाहीत म्हणून काहीही लिहिता येतं, ती जागा नव्हे. नोंदी आहेत आणि तरीही त्यांत काहीतरी खटकतं, ती.

*

शिवाय हा साडेचारशे वर्षांचा ड्यूक टोरांटोत पोटासाठी काय करतो? ऐतिहासिक प्रेमकथा लिहितो, तेही बाईच्या नावानं. रात्रभर जागरण, घरबसल्या काम, कुणाला तोंड दाखवायची गरज नाही, आणि जुन्या काळाची माहिती घरचीच. त्याला दुसरा धंदा मला तरी सुचत नाही.

*

व्हँपायर साफ खोटा असतो. म्हणून त्याच्या भोवतालचं बाकी सगळं, अगदी घरभाड्यापासून गाडीच्या वेळेपर्यंत, खरं असावं लागतं. या प्रकारच्या लेखनाबद्दल माझं ठाम म्हणणं काही असेल तर ते एवढंच.

*

ब्रॅम स्टोकर आठवायचा तो त्याच्या नोकरीसकट. लंडनच्या लायसियम थिएटरचा तो व्यवस्थापक होता, सत्तावीस वर्षं. हेन्री आयर्विंगसारख्या नटसम्राटाचा पत्रव्यवहार, पैशाचा हिशेब, अमेरिकेचे दौरे, शेकडो पेट्यांचं सामान कुठल्या गाडीनं कुठे पोचणार याची काळजी. मग १८९७चा ‘ड्रॅक्युला’ उघडा. पहिल्याच पानावर गाडीला उशीर झालेला. काउंट कोचावर पडून काय वाचतोय? इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक. कथानायिका मीनाला गाड्यांच्या वेळा तोंडपाठ.

आणि त्या मातीच्या पेट्या! काउंट लंडनला येतो तो मायभूमीच्या मातीनं भरलेल्या पन्नास पेट्या घेऊन. त्याला गाठायचं तर पेट्या गाठायला हव्यात. म्हणून जोनाथन हार्कर हमालांना, गाडीवानांना भेटतो, वाहतूक कंपनीच्या वह्या बघतो, हातावर पैसे ठेवून त्यांना बोलतं करतो. पेट्या किती उचलल्या, कुठल्या घरात उतरवल्या, धूळ किती उडाली, तहान किती लागली, हे सगळं ती माणसं रंगवून सांगतात. एकोणपन्नास पेट्यांचा हिशेब लागतो, एक राहते. क्रूस आणि लसूण सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला भिववते ती पावत्यांमध्ये न जुळणारी एक पेटी. ती कल्पना हिशेब ठेवणाऱ्यालाच सुचू शकते.

*

स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेला नाही. तो गेला व्हिटबीला, १८९०च्या उन्हाळ्यात. थडग्यांवरची नावं उतरवून घेतली, किनाऱ्यावरच्या माणसांकडून फुटलेल्या जहाजांची माहिती घेतली. १८८५मध्ये ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज तिथे किनाऱ्याला लागलं होतं. ते नार्वाचं. कादंबरीत ‘डिमीटर’ येतं, तेही रशियन, पण वार्नाहून. ड्रॅक्युला हे नाव त्याला तिथल्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. तोवर टिपणांत त्याच्या काउंटचं नाव वँपिर होतं. ते राहिलं असतं तर आज कुणी त्याचं नाव घेतलं असतं असं मला वाटत नाही.

त्याची ही टिपणं फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यात काउंटची लक्षणं लिहून काढली आहेत. आरशात दिसत नाही, हे पुढे कादंबरीत आलं. चित्रकारानं याचं चित्र काढायला घेतलं तर ते भलत्याच कुणाचं तरी होतं, हे मात्र आलं नाही. मला ते आरशापेक्षा जास्त आवडतं. कुणीतरी त्यावर एक अख्खी कादंबरी लिहावी.

*

ऊन लागलं की व्हँपायर जळतो, हा नियम स्टोकरचा नाही. त्याचा काउंट भरदिवसा पिकाडिलीत फिरतो, फक्त शक्ती उणावलेली असते. उन्हानं मरणं आलं ते मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ या १९२२च्या मूकपटातून. तो ‘ड्रॅक्युला’वरून परवानगी न घेता काढला होता, स्टोकरची विधवा कोर्टात गेली आणि १९२५मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या. त्यांच्याबरोबर नियमही वाचला, आणि आता तो अनादी काळापासूनचा वाटतो.

तेव्हा नव्यानं लिहिणाऱ्यानं नियमांना भिऊ नये. ऑक्टेव्हिया बटलरनं ‘फ्लेजलिंग’मध्ये (२००५) या नियमाला हात घातला. शोरी दिसायला लहान मुलगी, काळ्या त्वचेची. हे काळेपण तिच्या जमातीतल्याच काहींनी जाणूनबुजून आणलेलं, कारण त्यामुळे ती उन्हात तग धरते. जमातीतल्या काहींना मात्र तेच खुपतं, इतकं की खून पडतात. एका उन्हाच्या नियमातून बटलर अमेरिकेच्या सगळ्यात जुन्या दुखण्यापर्यंत पोचते. ती तिची शेवटची कादंबरी ठरली. पुढच्याच वर्षी ती गेली. पुढचे भाग हवे होते, फार हवे होते.

*

ॲन राइसबद्दल थोडंच लिहीन. तिची मुलगी मिशेल १९७२मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली, सहा वर्षांचीही झाली नव्हती. १९७६मध्ये ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ आली. त्यात क्लॉडिया आहे, पाच वर्षांची, जी कधीच मरणार नाही आणि कधीच मोठी होणार नाही. मन बाईचं होत जातं, हात बाहुलीएवढेच राहतात. रक्ताचंच दुखणं, आणि रक्तानंच दिलेलं अमरपण. यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला ती पानं वाचताना टीका सुचत नाही.

*

शार्लेन हॅरिस आधी साध्या, गावातल्या खूनकथा लिहायची. ‘डेड अन्टिल डार्क’मध्येही (२००१) तिनं गाव सोडलं नाही. लुइझियानातलं बाँ ताँ हे काल्पनिक खेडं आणि तिथल्या बारमध्ये टेबलं सांभाळणारी सूकी स्टॅकहाउस. जपान्यांनी कृत्रिम रक्त बनवलंय, त्यामुळे व्हँपायर उघडपणे समाजात आलेत. सूकीला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. गिऱ्हाइकांच्या मनातलं ऐकत रोज ट्रे उचलायचा, ही केवढी शिक्षा! मग बिल नावाचा व्हँपायर येऊन बसतो आणि त्याच्या बाजूनं काहीच ऐकू येत नाही. ती त्याच्यावर भाळते ती या शांततेमुळे. प्रेमात पडायला इतकं पटणारं कारण मी फार कमी कादंबऱ्यांत वाचलं आहे.

बिल अमेरिकन यादवी युद्धात लढलेला. सूकीची आजी त्या युद्धातल्या सैनिकांच्या वंशजांच्या मंडळात आहे आणि ती काय करते, तर बिलला व्याख्यानाला बोलावते. नव्वदीला टेकलेला एक म्हातारा उठून आपल्या पणजोबांबद्दल विचारतो, आणि बिल त्यांना ओळखत असतो. ते कसे मेले हे तो सांगतो. अमर माणूस म्हणजे शेवटचा साक्षीदार. हॅरिस हे न सांगता खुर्च्या मांडलेल्या सभेत दाखवते.

दुसरी जागा याच मालिकेतल्या ‘क्लब डेड’च्या शेवटी. आमंत्रण असेल तरच व्हँपायर घरात येऊ शकतो, हा जुना नियम. हॅरिस त्याची दुसरी बाजू वापरते: दिलेलं आमंत्रण परतही घेता येतं. सूकी वैतागून बिलला आणि एरिक या दुसऱ्या व्हँपायरला दिलेलं आमंत्रण काढून घेते, आणि दोघांना, मनात असो वा नसो, उंबरठ्याबाहेर जावं लागतं. अंगात शंभर माणसांचं बळ असलेले दोघे. घर मात्र तिचं.

*

आपल्याकडचा वेताळ यांचा भाऊबंद म्हणतात. मला नातं दूरचं वाटतं. ‘वेताळ पंचविशी’तला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो, पण रक्त मागत नाही. गोष्ट सांगतो आणि न्याय मागतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार, देव. रात्री गावाच्या सीमेवर फेरी मारतो म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि चालून चालून त्यांचे तळ झिजतात अशी श्रद्धा आहे.

झिजलेले तळ! दैवी शक्तीचा पुरावा म्हणून चमत्कार सांगितलेला नाही, पायपीट सांगितली आहे. नव्या कादंबरीतल्या माझ्या वेताळाला मी मुंबईत आणलंय, पहाटेच्या ससून डॉकवर, मासळीचा लिलाव सुरू होतो त्या वेळेला. शक्ती काय द्यायच्या ते केव्हाच ठरलं. अडलंय ते त्याला काय करता येणार नाही यावर. सीमा राखणाऱ्याला सीमा ओलांडता येऊ नये, इथवर आले आहे. पण समुद्रात भर घालत पुढे सरकलेल्या या शहराची सीमा कुठली? जुन्या बेटांची की आजची? नकाशे काढून बसले आहे. हे काम मला लिहिण्याइतकंच आवडतं.

*

हफनं तरुणपणी कॅनडाच्या राखीव नौदलात स्वयंपाकी म्हणून काम केलं. मग रेडिओ-टेलिव्हिजनचं शिक्षण, मग टोरांटोत बाका या विज्ञानकथांच्या दुकानात पुस्तकं विकली. पुढच्या ‘स्मोक’ मालिकेत विकीच्या गोष्टीतला रस्त्यावरचा पोरगा टोनी व्हँकूव्हरला टीव्ही मालिकेच्या सेटवर पडेल ते काम करतो. मालिका कसली, तर व्हँपायर गुप्तहेराची. सेटवरची वायरींची भेंडोळी, जेवणाच्या सुट्ट्या, संतापलेला दिग्दर्शक यांचं वर्णन इतकं आतल्यासारखं आहे की सावल्या चालून येतात तेव्हा त्याही खऱ्या वाटतात.

*

आता ‘ब्लड पॅक्ट’, विकीच्या मालिकेतली पुढची एक कादंबरी. किंग्स्टन, हफ लहानाची मोठी झाली ते गाव. शेवट माहीत असूनही वाचताना हात थांबला. विकी मरणाच्या दारात असते, आणि तिला वाचवायचा एकच मार्ग हेन्रीकडे असतो. तो तिला आपल्यासारखी करतो. तिला रात्रीचं दिसू लागतं, आधी कुणाला दिसलं नसेल इतकं लख्ख. पण हफनं पहिल्यापासून एक नियम पाळलेला आहे: दोन व्हँपायरना एका शिकारीच्या मुलखात नांदता येत नाही. म्हणजे ज्यानं तिला रात्र दिली, त्याच्यासोबत ती रात्र काढायची सोय नाही.

हफला हा नियम वाकवता आला असता. वाचकांनी आनंदानं माफ केलं असतं, मीही. तिनं वाकवला नाही. ‘ब्लड डेट’मध्ये (१९९७) हेन्री व्हँकूव्हरहून तिला मदतीला बोलावतो, आणि एकमेकांसाठी जीव टाकणारी ही दोघं एका खोलीत आली की हिंस्र होतात. दात आवरत, भिंतीला पाठ लावून, दोन वाक्यं धड बोलता येईपर्यंत त्यांना झगडावं लागतं. ते संवाद मी पेन्सिलनं खुणा करत वाचते आहे.