रफार

कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर पालक म्हणून आजोबांचे नाव घातले आणि व्यवसायापुढे लिहिले, ‘मजुरी’. त्यांनी ते वाचले. बोलले काहीच नाहीत.

आजोबा चौथी पास. बत्तीस वर्षे तालुक्याच्या एका छापखान्यात उभे राहून त्यांनी शिकलेल्यांच्या पुस्तकांचे खिळे जुळवले. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटे असते. ते त्यांना सुलट्याइतकेच झरझर वाचता येई.

गेल्या वर्षी ग्रंथालयात लायनोटाइपविषयी वाचले. ओटमार मर्गेनथेलरचे हे यंत्र १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात सुरू झाले. कळा ९०; अख्खी ओळ एकसंध ओतून निघे. घरी येऊन मी ऐटीत सांगितले. आजोबांनी विचारले, “साचे एकाशेजारी एक पडतात ना? मग रफार कुणाच्या डोक्यावर बसवायचा?”

मी गप्प. इंग्रजीचे सव्वीस अक्षरांत भागते; मराठीला जोडाक्षरे, वेलांट्या धरून शेकडो खिळे लागत. टिळकांनीसुद्धा ते कमी करण्याचा खटाटोप केला होता. पुढे देवनागरी लायनोही आली, पण आमच्याकडे हातच चालले. १९९६ साली ऑफसेट आले. मालक म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.” शेवटच्या महिन्याचा पगार राहिला तो राहिलाच.

हा लेख आजोबांना दाखवला. शेवटी त्यांच्या आशीर्वादाबद्दल एक छान वाक्य होते. त्यांनी चष्मा सावरून नेमके तिथेच बोट ठेवले.

“रफार ‘शी’वर चढवलास. ‘वा’वर पाहिजे.”

ते वाक्य मी काढून टाकले.