आच

गेल्या जानेवारीत दोन दिवसांची सुट्टी जोडून वसमतला गेलो होतो. चहा होतो न होतो तोच आईनं सांगितलं, "तुझे बाबा चार दिवस झाले रात्री शेतात चाललेत."

विहिरीवरच्या मोटरीला आम्ही मोबाईल स्टार्टर बसवलाय. घरून फोन लावला की मोटर चालू. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि नेमका स्टार्टर बंद पडलेला. म्हणजे बाबांनी रात्री बारा वाजता, थंडीत, बॅटरी घेऊन धुऱ्यावरनं चालत जायचं. वय त्रेसष्ट, गुडघ्यांचं दुखणं वेगळंच.

म्हटलं, मी बघतो. इंजिनिअर आहे शेवटी! (डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी जावाची. शेवटचं सोल्डरिंग तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला केलेलं. पण हे घरी कुठं सांगायचं?)

लाईन बंद करून बोर्ड काढून आणला. दोष लगेच सापडला. रिलेच्या एका पिनेभोवती सोल्डरला बारीक गोल तडा गेला होता. दोन मिनिटांचं काम! पुण्याहून आणलेलं माझं नवं आयर्न काढलं, टोकदार बिटाचं, टेंपरेचर सेट करता येणारं. 350 डिग्रीला सोल्डर ढिम्म हललं नाही. 400 केलं, तर चिखलासारखं झालं. मग 450 करून दाबून धरलं. जळका वास आला आणि पिनेभोवतीचं तांब्याचं कडं, म्हणजे पॅड, बोर्डावरून सुटून वर आलं.

झालं! होता तो बोर्डही घालवला. बाबा काही बोलले नाहीत. फक्त बॅटरीचे सेल बदलून ठेवले.

दुसऱ्या दिवशी बोर्ड घेऊन बाजारातल्या एका जुन्या रेडिओ-टीव्हीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंगातून बघितलं. "जाळलास की रे. कितीवर ठेवलं होतंस?"

"साडेचारशे."

"आकडा वाढवून काय होतंय? बिट बघ तुझं, सुईसारखं."

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या पिनेला मोठा करंट जातो, म्हणून ती तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेली असते. खालच्या फायबरच्या मानानं तांबं हजारपटीहून जास्त सहज उष्णता वाहून नेतं. माझ्या बारीक टोकातून जेवढी आच जात होती, ती सगळी तो पट्टा पसरवून टाकत होता. सांधा थंडच, आणि मी जास्त वेळ दाबून धरल्यानं पॅडखालचा चिकटा मात्र भाजून निघाला. टेंपरेचर आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परीक्षेत मार्कांसाठी लिहून आलो होतो. हाताला ते त्या दिवशी कळलं.

काकांनी आधी हॉट एअरनं बोर्ड खालून कोमट करून घेतला. सांध्यावर फ्लक्स लावलं. मूळ सोल्डर शिशाविना होतं, ते 217 डिग्रीच्या पुढे वितळतं. त्यात त्यांनी जुनं शिसंवालं थोडं मिसळलं. ते 183 लाच पातळ होतं, त्यामुळे सगळंच लवकर सैल झालं. मग रुंद चपट्या बिटाचं जाडजूड आयर्न ओल्या स्पंजवर चर्रकन पुसून टेकवलं. एक, दोन, तीन... सोल्डर पाण्यासारखं धावलं. ते ओढून काढून काकांनी पट्ट्यावरचा हिरवा रंग खरवडला आणि तिथून पिनेपर्यंत तांब्याची तार जोडून दिली. पैसे किती विचारले तर म्हणाले, "पन्नास दे. आणि शिसं हाताळलंस, हात धू आधी."

घरी येऊन बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "हळद शिजवताना तेच की. जाळ मोठा केला तर वरून गळते, आत कच्चीच राहते. काडी आरपार जाईस्तोवर आच बरोबर पाहिजे."

चार वर्षांची डिग्री माझी, आणि उत्तर यांना आधीपासून ठाऊक. असो :-)

संध्याकाळी स्टार्टर बसवला. रात्री बारा वाजता बाबांनी अंथरुणातूनच फोन लावला, मोटर चालू झाल्याचा मेसेज बघितला आणि कूस बदलून झोपले.

मी मात्र बॅटरी घेऊन निघालो. पाणी पडताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडेना.