मुलाला सांभाळते, त्याची नोंद कुठे?

अपंग मुलाला घरी सांभाळणाऱ्याला सरकारकडून पैसे मिळतात, असं मला फिजिओथेरपीच्या रांगेतल्या एका आईने सांगितलं. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला आधाराशिवाय बसता येत नाही, बोलताही येत नाही. तो झाल्यावर माझी मासळीची पाटी सुटली ती कायमची. वरळी कोळीवाड्यात बाईची पाटी सुटली की घरातली निम्मी मिळकत जाते. म्हणून चौकशीला लागले आणि गोंधळूनच गेले.

जाईन तिथे आधी यूडीआयडी कार्ड मागतात. ते आमच्याकडे आहे, निळं. म्हणजे 80 टक्क्यांच्या वरचं दिव्यांगत्व. 40 ते 80 च्या मधल्यांना पिवळं मिळतं. कार्ड हातात आलं म्हणजे पुढचं सोपं असेल, असं वाटलं होतं.

महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे योजना आहे. 80 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर त्यात महिन्याला 3,000 रुपयांच्या हिशेबाने सहा महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात. पण वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत, आणि माझा मुलगा अजून लहान आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2,500 रुपये झालेत. तिथे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत हवं, म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार. नवरा होडीवर जातो, जून-जुलै बंदीत घरी बसतो, तरी मुंबईत चार हजारांत घर कसं चालणार? नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात एक लाखापर्यंत उपचार होतात, थेरपीही त्यात धरतात. तो फॉर्म मी भरला. पण विमा उपचाराचा. सांभाळणाऱ्या माणसाचं काय?

एका खिडकीवर मी तेच विचारलं. उत्तर आलं, "ताई, आई आहात तुम्ही. आई सांभाळणारच ना!"

सांभाळतेच. सकाळी त्याचे पाय ताठरलेले असतात. टाच तळहातात धरायची, पाऊल हळूहळू वर ढकलायचं, तो कळवळला की थांबायचं, स्नायू सैल झाला की पुन्हा. भरवताना मान किंचित पुढे ठेवायची, मऊ भाताचा छोटा घास द्यायचा आणि तो गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा उचलायचा नाही. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो. हे मी थेरपिस्टकडून शिकले. हेच काम परकी बाई ठेवून करून घेतलं तर तिला पगार द्यावा लागेल.

मग एका कार्यकर्तीने मला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा समजावून सांगितला. दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांत त्याने आईवडील आणि घरची माणसंही धरली आहेत, मोबदला मिळो वा न मिळो. कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ताही सांगितलाय. मात्र हे सगळं सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळने आश्वासकिरणम योजनेत अशा सांभाळणाऱ्यांना महिन्याला 600 रुपये ठरवले. रक्कम थोडी आहे, पण ती सांभाळणाऱ्यासाठी आहे.

ब्रिटनमध्ये असा भत्ता 1976 पासून आहे. सुरुवातीला तो विवाहित बायकांना मिळत नसे, कारण त्या घरीच असतात असं धरलेलं. जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने आईच्या सेवेसाठी नोकरी सोडली होती. ती भांडली, युरोपीय न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि 1986 मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. मला खिडकीवर मिळालेलं उत्तर तिकडे न्यायालयाने तेव्हाच खोडून काढलं होतं.

आता कोळीवाड्यातल्या इतर आयांनाही मी सांगते. आधी यूडीआयडी काढा, मग निरामय. संजय गांधीचा अर्ज उत्पन्नात बसत असाल तर आजच करा. मुलाच्या हक्काचे पैसे मुलालाच मिळोत. पण आपल्या राज्यानेही सांभाळणाऱ्यासाठी वेगळा भत्ता सुरू करावा, मुलाच्या वयाची अट न घालता, आणि तो थेट तिच्या खात्यात जमा करावा. कायद्याने माझं काम मोजलंय. सरकारनेही ते मोजावं, एवढंच माझं मागणं आहे, आणि ते मी प्रत्येक खिडकीवर लेखी देणार आहे.