बाबांचं नवं गॅजेट

गॅजेट्स हा माझा प्रांत. नवा फोन घ्यायचा असला की मित्रमंडळी आधी मला फोन करतात. कॅमेरा कसा, बॅटरी किती चालते, ईएमआय की कॅश... सगळं मलाच विचारतात. मास कम्युनिकेशनची डिग्री आणि फ्रीलान्सिंग यांच्या जोरावर महिन्याला चार-पाच रिव्ह्यू तर मी झोपेतही लिहीन! त्यामुळे एप्रिलमध्ये बाबांनी विचारलं, ‘‘पोरी, बोटीवर रडार घ्यायचंय. कुठलं घेऊ?’’ तेव्हा मी चक्क हसले. रडार? ते विमानतळावर असतं ना!

मग बाबांनी कारण सांगितलं, आणि माझं हसू पळालं.

आम्ही वर्सोव्याचे कोळी. मी लॅपटॉपवर जाळी टाकते, बाबा अजून खऱ्या दर्यात. फेब्रुवारीतल्या एका पहाटे दाट धुकं होतं. खलाशी जाळं ओढत होते. अचानक धुक्यातून एका मालवाहू जहाजाची काळी भिंत बाहेर आली आणि बोटीला अगदी खेटून गेली. लाटेनं बोट अशी आडवी झाली, की बर्फाच्या पेट्या पाण्यात. माझा चुलतभाऊ रेलिंगला धरून होता म्हणून वाचला. जहाज थांबलं नाही. कदाचित त्यांना कळलंही नसेल. आणि ही गोष्ट घरात दोन महिने कुणी मला सांगितली नव्हती.

मग काय, कामाला लागले. भाऊच्या धक्क्याजवळच्या एका दुकानात आम्ही बापलेक जाऊन बसलो. सेल्समननं झोकात ब्रोशर उघडलं, ‘‘मॅडम, छत्तीस मैलांची रेंज!’’ मोबाइलच्या मेगापिक्सेलसारखाच फंडा. आकडा मोठा, गिऱ्हाईक खूश. पण रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा. समोरच्याच्या उंचीचंही काढा. दोन्हींची बेरीज गुणिले २.२, की सागरी मैल मिळतात. आमची अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर बसणार. म्हणजे आमच्याएवढी बोट फार तर ९ मैलांवर दिसणार, २५ मीटर उंचीचं जहाज साधारण १५ मैलांवर. बाकीची रेंज ब्रोशरमध्येच राहणार!

मग पाहायचं काय? तर झोताची रुंदी. अँटेना जितकी लांब, तितका झोत बारीक. अठरा इंचांच्या गोल डब्याचा झोत साधारण ५ अंशांचा असतो. एका सागरी मैलावर तो जवळपास १६० मीटर पसरतो. त्या अंतरावर शेजारी-शेजारी चाललेल्या दोन बोटी स्क्रीनवर एकच ठिपका होतात. बंदराच्या तोंडाशी शेकडो बोटींची गर्दी असते, तिथे हे परवडत नाही. उघडी फिरणारी लांब अँटेना याहून सरस. पण तिला वीज जास्त लागते आणि आमच्या बोटीवर तिच्यात दोर अडकायची भीती. म्हणून चोवीस इंचांचा बंद डबा नक्की केला.

दुसरा प्रश्न, जुन्या पद्धतीचं मॅग्नेट्रॉन की सॉलिड स्टेट? मॅग्नेट्रॉन स्वस्त, पण चालू केल्यावर तापायला वेळ घेतं आणि काही हजार तासांनी बदलावं लागतं. सॉलिड स्टेट महाग, पण वीज कमी खातं आणि लगेच सुरू होतं. त्यातल्या डॉप्लरवाल्या मॉडेल्समध्ये आपल्याकडे येणारी वस्तू वेगळ्या रंगात दिसते. मी एकदम फॉर्मात येऊन हे सगळं समजावत होते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘‘पण बघनार कोन?’’

बोलतीच बंद! अठरा तास जाळी ओढल्यावर रात्री सुकाणूवर एकटा माणूस असतो, तोही पेंगत. त्याला इंग्रजी मेन्यू कुठून कळणार? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ एकमेकांवर आदळली, तीही दिवसाढवळ्या. त्या आकाराच्या जहाजांवर रडार सक्तीचंच असतं. म्हणजे नुसतं यंत्र असून भागत नाही.

‘‘मना चित्रं नको, मना उठवनारा पायजे,’’ बाबा म्हणाले.

मग मी माझी यादी फाडली आणि बाबांची सुरू झाली. बोटीभोवती एक वर्तुळ आखून ठेवायची सोय हवी, त्यात काही शिरलं की अलार्म वाजायला हवा. इंजिनच्या धडधडाटात ऐकू जाईल असा वेगळा भोंगा जोडता यायला हवा. ओल्या हातानं फिरेल असं बटण हवं, नुसता टचस्क्रीन नको. आणि लाटांचा कचरा गाळता यायला हवा, नाहीतर भोंगा उगाच बोंबलतो आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तो बंद करून टाकतं.

निघताना सेल्समननं आणखी एक गोष्ट दाखवली. पत्र्याचा कोनाकोनांचा परावर्तक, किंमत रडारच्या पासंगालाही न पुरणारी. फायबर आणि लाकूड रडारला नीट दिसत नाही. हा डोलकाठीला टांगला, की समोरच्या जहाजाला आपण ठळक दिसतो. आपण बघायचं, तसं दिसायलाही हवं ना! बाबांनी दोन घेतले.

रडारला पैसे कमी पडत होते. नव्या फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी मी साठवलेले तिकडे गेले. रूममेट अजून बोलत नाहीये, पण चालतंय!

जून-जुलैच्या बंदीत बोट किनाऱ्यावर होती, तेव्हा डबा बसला. १ ऑगस्टला बोट निघायच्या आधी भोंग्याची ट्रायल घेतली. अख्खा धक्का वळून बघायला लागला. खलाशी हसले, बाबा खूश. आई मात्र टोपली बाजूला ठेवून तशीच उभी होती. मग हळूच मला विचारलं,

‘‘यो वाजला की घरी ऐकू येल काय गो?’’

ते फीचर अजून कुठल्याच मॉडेलमध्ये नाही.