कण्हेरीखालच्या लेंड्या

चि. भाचेबुवा,


पतंगांचे फोटो मिळाले. पाठीवर कवटी वागवणारा तो अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स. पंख जरा उचललेले असताना टिपलास ते बरं केलंस, कारण खरी खूण मागच्या पंखावर असते. पिवळ्यावर दोन काळे पट्टे म्हणजे स्टिक्स. त्याचा भाऊबंद लॅकेसिस असता तर काळं पंखाच्या मुळापासूनच पसरलेलं दिसलं असतं. गावात कुणी अपशकुनी म्हणून चप्पल उगारली तर सांग, हे पाखरू चावत नाही की डसत नाही. धरलं तर चीं चीं करतं, एवढंच. त्याची आखूड, जाड सोंड सातेरीच्या पोळ्यात शिरून मध चोरायला कामी येते.

हिरवा नक्षीदार आहे तो डॅफ्निस नेरी. तिसऱ्याला मात्र ‘हमिंगबर्ड’ लिहू नकोस, तो पक्षी अमेरिका खंड सोडून कुठे नाही. भरदिवसा फुलापुढे हवेत थबकणारं तुझं ते मॅक्रोग्लॉसम. त्यातली नेमकी जात अशा पुसट फोटोवरून सांगायला मी धजणार नाही. वहीत ‘मॅक्रोग्लॉसम, जात अनिश्चित’ असंच राहू दे.

आता दिव्याचं. पांढरा पडदा आणि अतिनील दिवा जरूर आण; अमावास्येच्या आसपास, पाऊस उघडलेल्या दमट रात्री लाव. रस्त्यावरच्या नव्या एलईडीच्या भरवशावर राहू नकोस. त्यात अतिनील किरण जवळपास नसतातच, त्यामुळे तिथे पतंग कमी येतात. पण दिव्यावर आलेला पतंग तुमच्या धावडा गावचाच, हे कशावरून? अ‍ॅग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली, तो पोटाच्या कडांवर गुलाबी पट्टे असलेला, शेकडो मैल उडत जातो. तुमच्या भिंतीवर तो रात्रीच्या मुक्कामाला टेकलेला असू शकतो. अळी मात्र इथल्याच पानावर वाढलेली असते. धावड्याची नोंद करायची तर अळीपासून सुरुवात कर, असं माझं मत आहे. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला टी. आर. बेल कारवारला राहून हेच करत असे: अळ्या आणायच्या, खाऊ घालायचं, पतंग निघेपर्यंत थांबायचं. मेजर स्कॉटबरोबरचा त्याचा स्फिंक्स पतंगांवरचा ग्रंथ 1937 साली निघाला. त्यात अळी, कोष आणि खाद्यवनस्पती यांची जी माहिती आहे, तिच्यासाठी लोक आजही तो उघडतात.

अळी शोधायला वर बघू नकोस, खाली बघ. सकाळी झाडलेल्या अंगणात कण्हेरीखाली दुपारी ताज्या लेंड्या दिसल्या, मिरीएवढ्या, अंगावर उभ्या खाचा असलेल्या, की अळी बरोबर त्यांच्या वरच्या फांदीवर. पानं नुसत्या देठापर्यंत खाल्लेली असतील. ही डॅफ्निसची हिरवी अळी, मागे बुटकं शिंग. डिवचलीस की मान आत ओढते आणि पुढच्या भागावरचे दोन निळे-पांढरे डोळे वटारल्यासारखे मोठे होतात. ते डोळे खोटे आहेत, खरं डोकं खाली दडलेलं असतं. तगरीवरही बघ.

शेतात तीळ आणि वांगं तपास. तिथली अळी बहुधा स्टिक्सची. ती हिरवी, पिवळी किंवा तपकिरी असू शकते, म्हणून रंगावर जाऊ नकोस, शिंग बघ. खरखरीत, टोकाला मुरडलेलं शिंग तिचं, गुळगुळीत आणि साधं वाकलेलं ते अ‍ॅग्रियसचं. अ‍ॅग्रियस उडीद, मूग आणि रताळ्याच्या वेलावर सापडेल. डोंगराकडे गेलास तर भोकरीवर पॉलिप्टिकस आणि करवंदीवर नेफेले शोध. अजिंठ्याची रांग उशाशी असताना गावातच घुटमळू नये.

मोठी माहिती नांगरटीत मिळते. उडदाच्या रानात फाळामागे कधी बोटाएवढा तपकिरी कोष वर येतो. त्याला पुढच्या बाजूला कपाच्या कानासारखी कडी असते. ती आतल्या पतंगाच्या सोंडेची खोळ. सोंड अंगापेक्षा लांब, म्हणून वळवून ठेवलेली. शेतकऱ्यांनी हे शंभरदा पाहिलेलं असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. फवारणीला निघालेल्याला अडवू नकोस, ‘अळी दिसली तर चार दिवस मला द्या’ एवढंच म्हण.

अळी पाळायला बरणीत चार-पाच बोटं ओलसर माती, तोंडाला फडकं, आणि ज्या झाडावर सापडली त्याचाच रोज ताजा पाला. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत पतंग निघतो. दिवाळीच्या सुमारास मातीत गेलेला कोष मात्र महिनोन्‌महिने पडून राहू शकतो, मेला समजून फेकू नकोस. पतंगाऐवजी माश्या किंवा गांधीलमाशीची चिलटाएवढी पोरं निघाली तर वैतागू नकोस. तीही नोंदच आहे आणि तिळवाल्याला त्याच नोंदीचा उपयोग जास्त.

वहीत झाडाचं नाव, रान कुणाकडचं, तारीख, पाऊस आणि कधी फवारलं हे लिही. फोटो वरून एक, पोटाकडून एक, शेजारी मोजपट्टी. थेरेट्रासारख्यांची ओळख पोटाकडून बघितल्याशिवाय पटत नाही. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर चढवताना ‘जालना’ लिहून मोकळा होऊ नकोस, धावडा, ता. भोकरदन असं पूर्ण लिही. आणि त्या मॅक्रोग्लॉसमचं फूल कोणतं होतं, ते पुढच्या पत्रात कळव.

ताईला नमस्कार.
तुझा,
मामा