मापाचं देणं

तासगावचे माझे वडील अंगाने किरकोळ होते. द्राक्षबागेत दिवसभर राबायचे, दंडावर कधी मांस चढलं नाही. त्यांना साखर निघाली तेव्हा घरात कुणाला पटेना. जाड माणसांचा आजार यांना कसा, असं मीही म्हणायचे. पुढे लग्न होऊन सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आले. चाळिशी उलटली तरी काट्यावर माझं वजन उंचीला साजेसंच भरायचं. त्यामुळे मी निर्धास्त होते.

तो निर्धास्तपणा घालवला आमच्या आशाताईंनी. तिशीपुढच्या सगळ्यांचे, आजाराचा धोका मोजणारे फॉर्म भरत त्या घरी आल्या आणि पिशवीतून टेप काढला. साडी खोचतो तिथे मी बोट ठेवलं, तर म्हणाल्या, "तिथं नाही, वहिनी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, त्याच्या मधोमध. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा." टेप मागूनही आडवा सरळ आहे ना, हे त्यांनी वाकून पाहिलं. माप भरलं 86 सेंटीमीटर. बायकांची मर्यादा 80, पुरुषांची 90. कंबर 81 ते 90 असेल तर बाईला धोक्याचा एक गुण, त्यापुढे दोन. वय, वडिलांचा आजार आणि बसून काम यांचे गुण मिळून माझी बेरीज चारच्या वर गेली, म्हणजे तपासणी करायलाच हवी होती. मी टाळाटाळ करत होते, म्हणून तपासणीला त्या स्वतः सोबत आल्या. साखर अगदी हद्दीवर होती.

वजन बरोबर असून असं का, हे मला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं. उंची-वजनाच्या हिशेबातून बीएमआय निघतो, पण चरबी कुठे साठली ते त्यातून कळत नाही. पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली चरबी इन्सुलिनचं काम अवघड करते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. हे वाचलं आणि मला वडील दिसले. सदऱ्याआड त्यांचं पोट होतं. ते कुणी मोजलंच नव्हतं.

याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हडकुळी, तरी कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखलेली. शेतातली कामं सांभाळून त्या बायकांनी स्वतःची आणि तान्ह्या बाळांची मापं घेऊ दिली. मला त्यांतली एकही माहीत नाही, पण आशाताईंइतकंच मी त्यांचंही देणं लागते.

मी चालायला लागले, ताटातला भात कमी करून उसळ वाढवली. तासगावला जाऊन आईची आणि भावाची कंबर मोजली. भावाची 90 च्या पुढे निघाली, त्याला तपासायला लावलं. आशाताईंचं काम मोठं आणि मोबदला तुटपुंजा, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता त्या आमच्या आळीत येतात तेव्हा मी बरोबर जाते. बायका कंबर मोजून घ्यायला लाजतात, ओळखीचं कुणी असलं की तयार होतात. माप त्या घेतात, आकडे मी लिहिते.